राक्षसवाला गेम, लोडवाला गणपती

आषाढ लागला की आमच्या रोह्याच्या बाजारातून गणपतींचे टेम्पो जायला लागतात. कच्च्या मूर्ती, रंग न दिलेल्या, पेंढ्यात दाटीवाटीने बसवलेल्या, वरून निळी ताडपत्री. टेम्पो गतिरोधकावर आपटला की ताडपत्री जरा उचलते आणि ओलसर प्लास्टरचा वास रस्त्यावर येतो. या वासाने लोकांना बाप्पा आठवतो. मला राक्षस आठवतात. माझ्या डाव्या हाताची करंगळी आपोआप वाकते, कारण कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं ते बटण दाबलं की गोळी सुटायची. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण करंगळी अजून नोकरीवर आहे.

यंदा निमित्तही घरात चालून आलं. माझी भाची मुग्धा कॉलेजला सुट्टी म्हणून राहायला आली आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडून त्याच खेळाचा अगदी नवा भाग घेऊन बसली. चित्रं इतकी खरी की राक्षसाच्या दातातली घाणसुद्धा दिसते. मी भाजी निवडता निवडता बघत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "त्या खांबाच्या मागून फिरून जा. समोरून कशाला जातेस?" तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुला काय माहीत?"

"मी हा खेळ तुझी आई लग्नाची व्हायच्या आधी खेळलेय."

"कुठे?"

"पेणला. गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर."

तिला ती थट्टा वाटली. तिची चूक नाही. मी शिक्षिका म्हणून निवृत्त व्हायला आलेली बाई, आणि हा खेळ म्हणजे मंगळावरचा एक तळ, तिथे उघडलेलं नरकाचं दार आणि त्यातून बाहेर येणाऱ्यांना एकट्याने गोळ्या घालणारा सैनिक. त्या सैनिकाचं तोंड आपल्याला समोर दिसत नाही. दिसतो फक्त बंदूक धरलेला हात, म्हणजे आपलाच. या खेळाचं नाव आज जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडे त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. त्याला म्हणायचे राक्षसवाला.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी तेविसाची होते आणि पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. रोज सकाळी नदीपलीकडच्या आमच्या अष्टमी गावातून पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर यायचं, एसटी पकडायची, नागोठणं, मग वडखळचा नाका, आणि मग पेण. वडखळला गाडी हटकून अडकायची. मी खिडकीशी बसून दिवसभराचे धडे मनात म्हणायचे, नंतर नंतर तर कुठल्या दारामागे कोण उभा आहे ते आठवत बसायचे. क्लासमध्ये चार मशिनं होती, त्यातलं एक कायम आजारी. मालक महिन्यातून एकदा उगवायचे, त्यामुळे क्लास म्हणजे मीच.

आणि क्लासच्या खाली भाऊंचा कारखाना. भाऊ आमचे घरमालक, पंचावन्नच्या आसपासचे, बनियनवर पांढरे डाग, कानाला पेन्सिल. त्यांचा 'लोडवाला' गणपती त्या वेळी प्रसिद्ध होता. लोडाला टेकून बसलेला, मान थोडी कलती, जणू घरातलं बोलणं कान देऊन ऐकतोय. ती मूळ मूर्ती भाऊंच्या वडिलांनी मातीत घडवली होती आणि त्यावरून घेतलेला रबराचा साचा भाऊंकडे होता. त्या मूर्तीसाठी मुंबई-पुण्याचे व्यापारी चैत्रापासून येऊन बसायचे. साचा संध्याकाळी कुलपात जायचा. दागिन्यांचं कपाट घरात उघडं असायचं, साच्याची खोली नाही.

खालून सगळा दिवस पांढरी धूळ वर यायची. फ्लॉपीच्या खाचेत शिरायची, कीबोर्डवर बसायची. मी रोज सकाळी मलमलीच्या फडक्याने मशिनं पुसायचे आणि तरी दुपारपर्यंत बोटं पांढरी व्हायची. माझ्या विद्यार्थ्यांच्या फ्लॉप्या अर्ध्या वाटेत दम तोडायच्या, त्याला कारण बाप्पाच.

भाऊंचा मुलगा नितीन मुंबईला इंजिनिअरिंगला होता. त्या जूनमध्ये तो सुट्टीला आला तो खिशात फ्लॉप्या घेऊनच. "ताई, एक बघायचंय?" म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी दार लावून घेतलं, म्हणजे धूळ येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्या दिवशी मला गरगरलं. भिंती अंगावर येत होत्या, आणि एका वळणावर काहीतरी तपकिरी गुरगुरलं तेव्हा मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मी दार लावायला आधी उठले. आठवड्याभरात नितीनने एक केबल आणून दोन मशिनं जोडली. मग तो त्या भिंतीकडे तोंड करून, मी या भिंतीकडे, पाठीला पाठ लावून बसायचो आणि पडद्यात एकमेकांना शोधायचो. मला शोधून मारायला तो येतोय हे त्याच्या खुर्चीच्या कुरकुरण्यावरून कळायचं. बहुतेक वेळा मीच जिंकायचे. हे लिहिताना अजून बरं वाटतं.

नितीन मला त्या खेळाच्या गोष्टी सांगायचा. कुठे परदेशात चार-पाच पोरांनी तो केला होता. त्याआधी त्यांनी एका किल्ल्यातला बंदुकीचा खेळ केला होता, पण हा आला आणि सगळं बदललं. ऑफिसांमधून कामं थांबायला लागली. पुढे जो जो गेम आला त्याला लोक याच्यासारखा म्हणायला लागले, आम्हीही म्हणायचो. आणि गंमत म्हणजे पहिला भाग त्यांनी फुकट सोडला होता. त्याची कॉपी करा, दोस्तांना द्या, असं त्यांचंच म्हणणं होतं. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. आम्हाला आवडला. पुढचे भाग मात्र आम्ही विकत घेतले नाहीत, ते नितीनच्या होस्टेलमधून आले आणि मी ते डब्याच्या पिशवीतून रोह्याला नेले. माझ्या बाबांच्या कंपनीतले लोक दुसऱ्या शिफ्टच्या चहाच्या वेळेत ते खेळायला लागले. पहिला भाग त्यांनी दिला होता, पुढचे आम्ही घेतले. तेव्हा यात फरक आहे असं माझ्या मनातही आलं नाही. तो फरक मला सुधाकरने दाखवला.

सुधाकर पेणजवळच्या जोहे गावचा. बारा वर्षं भाऊंकडे साचे भरायचा. तिशीचा, बारीक, कोपरापर्यंत प्लास्टर. जोह्याहून पहिल्या एसटीने यायचा आणि आम्ही कुलूप उघडायच्या आधी त्याच्या पाच मूर्ती साच्यातून बाहेर पडलेल्या असायच्या. एके दुपारी तो जिना चढून वर आला.

"मॅडम, वर कोन गुरगुरतंय? खाली बायका घाबरल्यान."

मी शरमले आणि मशीन बंद करायला गेले. पण तो दारातच उभा राहून पडद्याकडे बघत होता. नितीनने त्याला बसवलं. सुधाकरने हात पँटला पुसले, तरी बटणांवर पांढरे ठसे उमटलेच. तो कुणालाही न मारता नुसता भिंतींच्या जवळ जाऊन बघत फिरला. दोनदा मेला. मग म्हणाला, "नितीन, ही भिंत सगळीकडं तीच हाय. साचा एकच, न् ओतलाय शंभर वेळा."

नितीन उडालाच. कारण ते खरं होतं. तो त्याला समजावू लागला, की या खेळाचा आतला गाडा वेगळा ठेवलाय, आणि भिंती, खोल्या, राक्षस हे सगळं वेगळं. गाडा तोच ठेवून कुणीही आपल्या खोल्या बनवू शकतो. त्यासाठी लागणारी साधनं लोकांनी बनवली आहेत, आणि ज्यांचा खेळ त्यांनीच हे होऊ दिलंय.

"म्हंजे साचा त्यांचा, न् मूर्ती ज्याची त्याची," सुधाकर म्हणाला. आणि लगेच, "न् त्यांना राग नाय येत?"

हा प्रश्न त्याने कुठून काढला ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सुधाकरला जोह्यात स्वतःचा कारखाना काढायचा होता. घरापुढे पडवी होती, बायकोचा हात रंगात चांगला होता. पण नव्या माणसाच्या पडवीत व्यापारी पाऊल टाकत नाहीत. हातात एखादी नावाजलेली मूर्ती लागते. अक्षयतृतीयेला त्याने भाऊंकडे लोडवाल्याचा साचा मागितला होता, एक नवा साचा त्यावरून घेऊ द्या म्हणून. भाऊंनी "साचा घराबाहेर जात नाय" एवढंच म्हटलं होतं आणि विषय संपवला होता. यंदाचा हंगाम संपल्यावर कारखाना नाही निघाला तर मेहुण्याबरोबर कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं, असं त्याने घरी कबूल केलं होतं. बारा वर्षांचा हात कंपनीच्या गेटात ठेवून यायचा.

आणि खरं सांगायचं तर सुधाकरला साचा मागायची गरजच नव्हती. एक तयार मूर्ती विकत घ्यायची, घरी नेऊन तिच्यावर रबर चढवायचं, झाला साचा. आजूबाजूच्या गावांत अर्धे साचे असेच उतरलेले होते, आणि त्याबद्दल कुणी कुणाला तोंडावर बोलत नसे. मी त्याला हे सुचवलंही. मी तरी काय, डब्यातून फ्लॉप्या नेणारी बाई.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "ते सगलेच करतान. पन मग पेनला आलो की भाऊंच्या दारावरून कसा जाऊ?"

त्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी भाऊंचा कारखाना त्या खेळात बांधला. कुणाची कल्पना ते आठवत नाही, बहुधा नितीनची. वरून नकाशा काढायचा, रेघा जोडायच्या, रेघांच्या भिंती होतात. सुधाकर जेवणाच्या सुट्टीत खाली पावलांनी अंतर मोजायचा आणि वर येऊन सांगायचा. प्लास्टरच्या गोण्यांची थप्पी, सुकवायच्या फळ्या, मागचं दार, अंगणातली विहीर. विहिरीला पाणी हिरवंच मिळालं, कारण त्या खेळात विषारी हिरवं पाणी तयार होतं. भाऊंच्या विहिरीचं श्रावणात तसंच असतं. एक अडचण मात्र सुटली नाही. त्या खेळात खोलीवर खोली बसत नाही. माडी करायची सोय नव्हती. म्हणून माझा क्लास आम्हाला कारखान्याच्या शेजारी जमिनीवर ठेवावा लागला. "बरं झालं," सुधाकर म्हणाला, "मॅडम आमच्यात आल्या."

बाहेर पाऊस कौलांवर एकसारखा वाजत असायचा. खाली मूर्ती सुकत नाहीत म्हणून भाऊ हॅलोजन लावून बसलेले, सगळीकडे कोमट, दमट, चुन्यासारखा वास. आम्ही वर चण्याचा पुडा मध्ये ठेवून एका फळीची उंची बरोबर यावी म्हणून भांडत होतो. आयुष्यात मी बऱ्यापैकी सुखी राहिले आहे, पण इतकं बिनकामाचं सुख पुन्हा मिळालं नाही.

सगळं झालं आणि फळ्या उरल्या. नितीनला फळ्यांवर गणपतींची चित्रं बसवायची होती. कारखाना म्हणजे गणपती हवेतच. सुधाकरने मान हलवली.

"जिथं बंदूक चालते, तिथं बाप्पा नको."

"अरे, खेळ आहे."

"हाय ना खेळ. मग खेळात पन नको."

तो आवाज न चढवता बोलला. फळ्या रिकाम्या राहिल्या.

एका दुपारी भाऊ स्वतः वर आले. भाड्याचं काहीतरी बोलायचं होतं. मशीन चालू होतं. त्यांना चष्मा शोधावा लागला. मग ते पडद्यासमोर वाकले.

"हा माझा कारखाना."

"होय, भाऊ."

"काय गो शैला, हे काय धंदे?" पण रागात जोर नव्हता. नितीनने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बाणांची बटणं दाखवली. भाऊ चालायला लागले. दारातून आत, गोण्यांना वळसा, साच्यांच्या खोलीवरून सरळ. आम्ही तो रस्ता हजार वेळा चाललो होतो, पण त्यांच्यासारखा नाही. ते ज्या जागी रोज थांबतात त्या जागी तिथेही थांबले. मग मांडणीसमोर उभे राहिले.

"फळ्या रिकाम्या का ठेवल्यात?"

नितीन माझ्याकडे बघायला लागला, मी सुधाकरकडे. सुधाकर भिंतीला टेकून उभा होता. "भाऊ, इथं बंदूक हाय हातात. बाप्पाला कसा बसवायचा?"

भाऊंनी बटणांवरून हात काढला. पडद्यावर तो बंदूक धरलेला हात तसाच रिकाम्या फळ्यांसमोर राहिला. मग त्यांनी विचारलं, की ज्यांचा हा खेळ आहे ते लोक रागावत नाहीत का, असं कुणीही आपलं घर त्यात बांधलं तर. नितीन म्हणाला, त्यांनीच मोकळीक दिली. त्यांचं नाव उलट वाढलं, कारण जो तो आपलं काहीतरी बनवतो आणि त्यासाठी मूळ खेळ शोधत येतो.

"वेडे असतील," भाऊ म्हणाले आणि भाड्याचं न बोलताच खाली गेले.

पुढचे पंधरा दिवस कुणाला श्वास घ्यायला वेळ नव्हता. नागपंचमी झाली, नारळीपौर्णिमा झाली, ट्रक दाराशी लागायचे, पेंढा रस्ताभर. नितीनची सुट्टी संपली आणि तो गेला. शेवटचा ट्रक गेला त्या संध्याकाळी मी पाचची गाडी पकडायला जिना उतरले आणि खालीच थांबले. कारखान्याच्या फळ्या रिकाम्या होत्या. आमच्या नकाशात होत्या तशाच. त्यांच्यासमोर भाऊ एकटे उभे होते.

"शैला, ये गो," ते म्हणाले. "तुमच्या त्या डब्यात हे बघितलं ना, तेव्हापासून झोप नाय. दरवर्षी रिकाम्या होतात, पन भरनार हे माहीत असतं. नितीन काय परत येनार नाय. त्याचं बरोबर हाय. मग हे असंच राहनार."

ते पुढे म्हणाले, "सुध्याला माझा साचा एका दिवसात उतरवता आला असता. बारा वर्षं मूर्ती त्याच्या हातात. मागायला आला. न् मी नाय म्हटलं." मग त्यांनी मागच्या अंगणाकडे तोंड करून सुधाकरला हाक मारली.

सुधाकर विहिरीवर हातपाय धूत होता. तो ओल्या हातांनी आला. भाऊंनी साच्याची खोली उघडली आणि गोणपाटात गुंडाळलेला साचा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"घेऊन जा. यावरून तुझा काढ, न् हा परत आन. तोंड बदलायचं नाय. बाकी दागिने, हात, लोड, जे काय करायचं ते तुझं तू कर."

सुधाकरने साच्याला हात लावला नाही. आधी भाऊंच्या पायांना लावला. मी फळ्यांकडे बघत राहिले.

"न् डाव्या कानामागं दाना येतो," भाऊ म्हणाले. "तो खरवडायचा विसरू नको."

"बारा वर्सं तेच केलं ना, भाऊ."

त्या रबरात कधीतरी एक बुडबुडा राहून गेला होता, त्यामुळे प्रत्येक मूर्तीच्या डाव्या कानामागे मोहरीएवढा दाणा यायचा. तो नखाने काढून वरून पॉलिश पेपर फिरवायचा, हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवत. तयार मूर्तीवरून ज्यांनी साचे चोरून उतरवले होते, त्यांच्या मूर्तींचा कान गुळगुळीत असायचा. त्यांना दाण्याचा पत्ताच नव्हता.

पाचची गाडी चुकली. सहाची मिळाली.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम जोह्याला गेले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि मध्ये सुधाकरची पडवी पांढरीशुभ्र. एक मूर्ती उचलून मी बोट कानामागे नेलं. दाणा होता.

"हा खरवडला नाहीस?"

"ऱ्हाऊंदे," सुधाकर म्हणाला. "कुठून आला ते नको कलायला?"

भाऊंचे व्यापारी कुठेही गेले नाहीत. उलट जोह्याला लोडवाला बघितलेले नवे लोक, मूळ कुठे मिळतो म्हणून विचारत पेणला यायला लागले. दशक संपायच्या आत त्या परदेशातल्या मंडळींनीही खेळाचा आतला गाडाच लोकांसमोर उघडा केला. नितीनने फोनवर ते सांगितलं तेव्हा भाऊ शेजारीच होते. "माझं बघून केलं असेल," ते म्हणाले.

भाऊ आता नाहीत. भरल्या घरात, श्रावणातच गेले. नितीन पुण्याला कॉम्प्युटरवर कसलेसे नकाशे करतो. सुधाकरचे केस त्याच्या प्लास्टरसारखे झाले आहेत. आणि राक्षसवाला तर कशाकशावर चालतो म्हणे, मुग्धाने परवा एका हातातल्या गणकयंत्रावर चाललेला दाखवला. लोक अजूनही त्यात आपापलं घर, शाळा, ऑफिस बांधतात. मी तिला आमच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "तो नकाशा कुठे आहे?" तो नाही. ती फ्लॉपी धुळीने खाल्ली.

काल आम्ही दोघी गणपती ठरवायला अष्टमीच्या दुकानात गेलो. पुढच्याच फळीवर लोडवाला होता. फेटा नवा, लोडावर मोर, हातातला मोदक मोठा केलेला. मान तीच, कान देऊन ऐकणारी. मी दुकानदाराला विचारलं, "सुधाकरचा का?"

"कोन सुधाकर?" तो म्हणाला. "हा हमरापूरच्या एका बाईंचा हाय. दोन वर्सं झाली कारखाना काढून."

त्या बाईंना मी ओळखत नाही. सुधाकरने त्यांचं नाव माझ्याजवळ कधी काढलं नाही. रबराचा साचा काही वर्षांत फाटतो, मग आधीच्या मूर्तीवरून नवा घेतात. एका हाताने जरी मध्ये कान साफ केला असता, तरी पुढच्या सगळ्या मूर्ती गुळगुळीत निघाल्या असत्या. मुग्धा म्हणाली, "मावशी, काय शोधतेस?" मी तिचं बोट धरलं आणि मूर्तीच्या डाव्या कानामागे नेलं.

"काहीतरी लागतंय," ती म्हणाली. "छोटंसं. काढून टाकायला सांगू का त्यांना?"

"नको गो," मी म्हटलं. "हाच घेऊया."